लग्नातलं क्षितिज

अमरकोशात लग्नासाठी सहा शब्द दिले आहेत आणि त्यांत ‘लग्न’ नाही! विवाह, उपयम, उपयाम, परिणय, उद्वाह आणि पाणिपीडन. शेवटचा शब्द वाचून अनुभवी मंडळी गालातल्या गालात हसतील, पण इथलं पीडन म्हणजे छळ नव्हे. हात घट्ट दाबून धरणं, एवढाच त्याचा अर्थ.

हे शब्द उकलत गेलं की प्रत्येकातून एकेक क्रियापद बाहेर पडतं. विवाह आणि उद्वाह या दोन्हींत ‘वह्’ धातू आहे, म्हणजे वाहून नेणं. वाहन आणि प्रवाह हे त्याच घराण्यातले. परिणयात ‘नी’ म्हणजे नेणं आणि ‘परि’ म्हणजे भोवती. वधूला अग्नीभोवती फिरवणं. सोबत, संसार, प्रेम यांपैकी कशाचंही नाव या शब्दांना मिळालेलं नाही. मांडवात हातापायांनी जे केलं जातं, तेच नावात उतरलं.

पत्रिकेवर भारदस्तपणे बसणारा ‘विवाह’ बोलण्यात फारसा येत नाही, हे खरं. ‘आमच्या बंड्याचा विवाह आहे’ असं कोणी म्हणालं तर ऐकणारा चमकेल. पण हा शब्द मागच्या दाराने घरात केव्हाच शिरला आहे. ‘वैवाहिक’ प्राकृतातून झिजत आला आणि त्याचा व्याही झाला. त्याच्यासोबत विहीणही आली. रुखवतापाशी नाक मुरडणाऱ्या बाईच्या नावातसुद्धा तोच ‘वह्’ धातू दडलाय.

हाताची गोष्ट तर आणखी खोलवर जाते. आश्वलायनाच्या गृह्यसूत्रात पाणिग्रहण कसं करायचं याचे पर्याय दिले आहेत: फक्त मुलगे हवे असतील तर वधूचा अंगठा धरावा, मुली हव्या असतील तर बोटं, आणि दोन्ही हवे असतील तर अंगठ्यासकट अख्खा हात. फक्त मुलींसाठीही वेगळी पकड सांगितलेली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. पाणिनीनेही या हाताची दखल घेतली. ‘हस्तेकृत्य’ आणि ‘पाणौकृत्य’, शब्दशः ‘हातात करून’, या रूपांचा अर्थ ‘लग्न करून’ असा होतो, आणि त्यासाठी अष्टाध्यायीत खास सूत्र आहे. आपण मात्र व्याकरणाच्या वाटेला न जाता ‘दोनाचे चार हात झाले’ म्हणतो. फरक एवढाच की आपल्या वाक्प्रचारात कोणी कोणाचा हात पकडत नाही, हात नुसते चार होतात.

हा फरक मला मोठा वाटतो. अमरकोशातल्या त्या सहाही शब्दांत कर्ता पुरुष आहे. तो नेतो, तो फिरवतो, तो हात धरतो. ‘उपयम’मध्ये तर तो तिला आपलीशी करून घेतो. तिला कर्तेपण देणारा ठळक शब्द म्हणजे स्वयंवर, आणि तो राजकन्यांच्या वाट्याला आला.

‘लग्न’ या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे, कारण ते मुळात मांडवातलं नाहीच. ‘लग्’ म्हणजे चिकटणं. संलग्न महाविद्यालय आणि भूमितीतले संलग्न कोन इथलेच. ज्योतिषात लग्न म्हणजे पूर्व क्षितिजाला त्या क्षणी टेकलेला राशिचक्राचा बिंदू. पृथ्वी फिरते म्हणून बाराही राशी दिवसभरात क्षितिजावर उगवून जातात. एकेकीला साधारण दोन तास मिळतात. यातला शुभ तुकडा नेमका पकडायचा, तर घड्याळ हवं. म्हणून घटिकापात्र: बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी, ती पाण्यावर तरंगत ठेवायची. भरून बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे 24 मिनिटं. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग या वाटीचाच. अशा 60 घटिकांचा एक दिवस. म्हणजे दर वाटीमागे आकाश 6 अंश फिरतं. मंगलाष्टकं लांबवणाऱ्या हौशी गायकांनी हा हिशेब जरूर करावा. अंतरपाट दूर होतो तो त्या शुभ क्षणी, आणि क्षितिजावरच्या एका बिंदूचं नाव मराठीत सबंध सोहळ्याला मिळालं.

त्यातून ‘लग्न लागलं’ ही जोडी तर अफलातून आहे. ‘लागणे’ही त्याच ‘लग्’ धातूचं, प्राकृतातून घासून आलेलं. म्हणजे एकाच कुळातला संस्कृत शब्द आणि मराठी शब्द इथे शेजारी उभे आहेत, आणि या वाक्यात कर्ता म्हणून कोणी माणूसच नाही. लग्न ठरतं, जमतं, लागतं, मोडतं.

शब्दांचं नशीब मात्र सारखं नसतं. जुन्या लग्नपत्रिकांत ‘शरीरसंबंध योजिला आहे’ असं सोवळ्यात छापलेलं असे, वडीलधाऱ्यांच्या सहीनिशी. आज तसं छापायला गेलात तर छापखानेवालाच फोन करून खात्री करून घेईल. ‘घटस्फोट’ची गोष्ट तर आणखी विचित्र. धर्मशास्त्रात तो जातीबाहेर टाकण्याचा विधी होता: माणूस जिवंत असतानाच त्याच्या नावाने मेलेल्यासारखं पाणी द्यायचं आणि भरलेला घडा दासीने पायाने लवंडायचा. नवराबायकोच्या ताटातुटीला मराठीत साधा शब्द होता काडीमोड, खरोखर काडी मोडून केलेला. कोर्टाच्या कागदावर मात्र काडी मागे पडली आणि घडा आला.