परक्या मसुद्यावरची लेखणी

तोक्योच्या हायाकावा प्रकाशनाने २०१९ च्या जुलैत काढलेली, लिऊ त्सीशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ या चिनी विज्ञानकादंबरीची जपानी आवृत्ती हाती घेतली, म्हणजे अनुवादकाच्या जागी तीन नावे आणि देखरेखीसाठी ताचिहारा तोया यांचे चौथे, अशी नामावळी दृष्टीस पडते. आणि नवल हे की, तीत अग्रस्थानी असलेल्या ओमोरी नोझोमी यांची ख्याती चिनीचे पंडित म्हणून मुळीच नाही.

१९६१ साली कोची येथे जन्मलेले ओमोरी क्योतो विद्यापीठात वाङ्मय शिकले, शिंचोशा या प्रकाशनसंस्थेच्या दप्तरी संपादक म्हणून राहिले आणि पुढे ती नोकरी सोडून लेखणीवर चरितार्थ चालवू लागले. कॉनी विलिस यांच्या ‘डूम्सडे बुक’सारख्या विस्तीर्ण कादंबऱ्या त्यांनी इंग्रजीवरून जपानीत आणल्या, विज्ञानकथांची परीक्षणे तर इतक्या सातत्याने लिहिली की, त्यांच्या २००५ मधील संग्रहाच्या नावातच दीड हजार पुस्तकांचा आकडा आहे.

अशा माणसाकडे काम आले ते मित्सुयोशी साकुरा आणि वान चाय यांनी मूळ चिनीवरून सिद्ध केलेल्या जपानी मसुद्याला विज्ञानकादंबरीचे वळण देण्याचे. मसुदा पुढे, पडताळ्यास केन लिऊ यांचे २०१४ चे इंग्रजी भाषांतर, आणि या दोहोंच्या आधारे वाक्यामागून वाक्य नव्याने घडवायचे, असा हा उद्योग. जपानी पुस्तक चिनी पुस्तकाशी ताडून पाहताना पहिल्याच प्रकरणाशी मला थांबावे लागले. २००८ च्या चिनी ग्रंथाचा प्रारंभ शास्त्रज्ञ वांग म्याओच्या दारी आलेल्या पोलिसांनी होतो, आणि सांस्कृतिक क्रांतीची रक्तरंजित प्रकरणे राजकीय सावधगिरीस्तव मध्यभागी सरकवलेली आहेत; केन लिऊ यांनी लेखकाच्या मूळ संकल्पास अनुसरून ती आरंभी आणली, आणि जपानी आवृत्तीनेही तोच क्रम मान्य केला. त्यामुळे वाचकाला कोडे भेटण्यापूर्वी, ज्या अत्याचारातून ते उपजले, तो अत्याचार भेटतो.

पानाकडे बारकाईने पाहिले, तर कारागिरीची आणखी एक खूण सापडते. उभ्या ओळीतील चिनी व्यक्तिनामांच्या उजव्या अंगास, मुंगीएवढ्या टायपात, चिनी उच्चार देणारी काताकाना अक्षरे बसवलेली आहेत. ती नसती, तर तीच नावे जपानी वाचकाने आपल्या वळणाने उच्चारली असती, आणि पेकिंगच्या वेधशाळेतील माणसे त्याला ओसाकाच्या शेजाऱ्यांसारखी वाटू लागली असती.

समीक्षकाला न पटलेले प्रकरण चाळून पुढे जाण्याची मुभा असते. अनुवादकाला कंटाळवाण्या वाक्याचीही जबाबदारी टाळता येत नाही. उलट केवळ वाक्यनिष्ठ अनुवादकाला ग्रंथाची परंपरा ठाऊक नसली, तर कोणता शब्द या वाङ्मयप्रकारात रुळलेला आहे आणि कोणता ऐकताच जाणता वाचक हसेल, हे त्याला कळत नाही. ओमोरींच्या ठायी हे दोन्ही व्यवसाय एकमेकांची उणीव भरून काढतात, आणि मूळ भाषा अवगत नसताही त्यांना अग्रस्थान का मिळाले, याचे उत्तर याहून वेगळे शोधण्याचे कारण नाही. या कादंबरीत्रयीचे पुढील दोन भाग जपानीत २०२० आणि २०२१ मध्ये आले. सहकारी अनुवादकांची नावे काहीशी बदलली, परंतु प्रथम नाव दोन्ही वेळा ओमोरी यांचेच होते.