बाळाचे नाक चोंदते तेव्हा

तान्ह्या बाळाचे नाक चोंदले की घरातील सर्वांचीच झोप उडते. बाळ दोन घोट पिते, स्तन सोडून रडते, पुन्हा पिऊ पाहते. मोठ्या माणसाला जी साधी सर्दी वाटते, ती बाळाला एवढी का जाचते? आणि घरच्या घरी तिच्यावर काय करता येते?

पहिले कारण शरीररचनेचे आहे. सुरुवातीचे काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. श्वासनळीवरचा झाकणासारखा पडदा या वयात घशात बराच वर, टाळूच्या मऊ भागाजवळ असतो. त्यामुळे दूध पिताना नाकाने श्वास चालू ठेवणे त्याला सोपे जाते. नाक बंद झाले की ही सोय संपते.

दुसरे कारण भौतिकशास्त्रातले. अरुंद नळीतून संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अवरोध नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा, एका नळीची त्रिज्या ४ मिमी व दुसरीची २ मिमी आहे, आणि दोन्हींच्या अस्तराला १ मिमी सूज आली. मोठ्या नळीची त्रिज्या ३ मिमी होईल आणि तिच्यातील अवरोध सुमारे ३ पट वाढेल. लहान नळीची त्रिज्या १ मिमीच उरेल आणि अवरोध १६ पट होईल! नाक म्हणजे काही सरळ नळी नव्हे; पण थोडीशी सूज आणि थोडासा शेंबूड बाळाला इतका का भोवतो, हे यावरून कळते.

म्हणून उपाय एकच: मार्ग मोकळा करणे. त्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे ०.९ टक्के मिठाच्या निर्जंतुक पाण्याचे थेंब पुरेसे असतात. हे प्रमाण शरीरातील द्रवांशी जुळते. साधे पाणी घातले तर ते परासरणाने पेशींत शिरते, पेशी फुगतात आणि नाक झोंबते. मिठाच्या या पाण्याने तसे होत नाही. सुकलेला शेंबूड मात्र मऊ होतो. बाळाला उताणे धरून प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब टाकावेत, मिनिटभर थांबावे आणि बाहेर आलेला शेंबूड स्वच्छ मऊ कापडाने टिपावा. रबरी फुग्याची पिचकारी वापरायची असल्यास फुगा आधी दाबावा, मग टोक नाकपुडीत हलकेच टेकवून फुगा सोडावा. वारंवार ओढल्यास अस्तर दुखावते व सूज वाढते. हे सर्व दूध पाजण्यापूर्वी थोडा वेळ आधी करावे. दूध थोडे थोडे, पण अधिक वेळा पाजावे.

आता काय टाळावे ते पाहू. नाकात तेल किंवा तूप घालू नये. ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरले तर तेथे दाह होतो. कापूर बाळाला चोळू वा हुंगवू नये. त्याने झटके येऊ शकतात. ओवा-लसणाची धुरी उबदार वाटते, पण धूर हा शेवटी धूरच. श्वासमार्गातील सूक्ष्म केस शेंबूड बाहेर ढकलतात. धुराने त्यांचेच काम मंदावते. वाफेच्या भांड्याने भाजण्याचा धोका असतो. नाक मोकळे करणारी औषधी थेंब व सर्दीची पातळ औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. क्लोरफेनिरामाइन व फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ साली दिली आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: त्रास नाकापुरता आहे, की छातीत उतरला आहे? याचे उत्तर घड्याळ देते. बाळ शांत किंवा झोपलेले असताना पोटाची हालचाल पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. लहान बाळाचा श्वास अनियमित असतो; म्हणून १५ सेकंद मोजून चारने गुणू नये. २ महिन्यांपेक्षा लहान बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, २ ते १२ महिन्यांच्या बाळात ५० किंवा अधिक श्वास आढळले, तर न्युमोनियाची शंका घ्यावी व लगेच डॉक्टरांकडे जावे. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणे, कण्हणे, ओठ निळसर होणे, दूध पिणे सोडणे, बाळ मलूल होणे किंवा २-३ महिन्यांच्या आतील बाळाला ताप येणे, ही लक्षणे दिसली तर श्वास मोजत बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

हे काम अवघड नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील आरोग्यसेवकांना आणि दायांना न्युमोनिया ओळखण्यास शिकवले. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ व मणी असलेले श्वासमापक तयार केले. या प्रयत्नांनी तेथील बालमृत्यू घटल्याचा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरी लहान भावंड असते. झोपलेल्या भावंडाचे श्वास मोजून आणण्याचा गृहपाठ त्यांना जरूर द्यावा. निरोगी बाळाचा श्वास कसा चालतो हे एकदा पाहिले असले, की बिघडलेला श्वास वेळीच ओळखता येतो.