पोल्काचा राजा आणि त्याचे चोपदार

आपल्या आज्या ज्याला पोलके म्हणत, त्या कपड्याचे नाव एका परदेशी नाचावरून आले, असे सांगितले तर पुष्कळांना ती थट्टा वाटेल. पण शब्दांचे प्रवास असेच मौजेचे असतात. १८३० च्या सुमारास बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, पोल्का नावाचा एक चपळ नाच रूढ झाला. पुढच्या दहापंधरा वर्षांत प्राग, पॅरिस, लंडन ही शहरे त्याने एकामागून एक झपाटली. लोकांना कशाचे वेड लागले की त्याचे नाव दुकानदार लगेच आपल्या मालाला लावतात. बायकांच्या एका अंगासरशी बसणाऱ्या जाकिटाला इंग्रजीत पोल्का म्हणू लागले, आणि तोच शब्द आपल्या घरात पोलके होऊन आला, असे मानतात.

नाव आपल्याकडे आले; नाच मात्र गेला अमेरिकेत. तिकडे पोटासाठी निघालेल्या चेक, पोलिश, जर्मन आणि स्लोव्हेन कुटुंबांबरोबर तो गेला. त्यांतल्या स्लोव्हेन लोकांची मोठी वस्ती एरी सरोवराच्या काठी, ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात झाली. दिवसभर कारखान्यात आणि रेल्वेच्या यार्डात राबायचे, आणि शनिवारी रात्री आपल्या भाषेच्या सभागृहात जमून नाचायचे, हा त्यांचा क्रम. त्यांचे मुख्य वाद्य अकॉर्डियन. हिंदी चित्रपटगीतांमुळे आणि पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांच्यामुळे ते आपल्याही ओळखीचे आहे. आपल्या पेटीचे ते नात्यातलेच: तोच भाता, आणि वाऱ्याने थरथरणारी तीच धातूची रीड.

ह्याच वस्तीत फ्रँकी यँकोविक वाढला. जन्म १९१५ चा, आईबाप स्लोव्हेन. घरात भाड्याने राहणारे कामगार संध्याकाळी बटणांचे अकॉर्डियन वाजवीत, ते ऐकता ऐकता पोराला नाद लागला. वाजवण्याने पोट भरत नाही, असे बापाचे मत. ते सगळ्याच बापांचे असते! १९३२ च्या सुमारास तो नभोवाणीवरील स्लोव्हेन कार्यक्रमात वाजवू लागला. मग महायुद्ध आले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युरोपातल्या आघाडीवर बर्फाने त्याचे हातपाय गोठले. ते कापून टाकावे लागतील, असे डॉक्टर म्हणाले. त्याने साफ नकार दिला. हळूहळू बोटांत जीव परतला, आणि रुग्णालयात अकॉर्डियन वाजवून वाजवून त्याने ती पुन्हा कामाला लावली.

त्या बोटांनी पुढे काय केले पाहा. १९४८ साली त्याची ‘जस्ट बिकॉज’ ही ध्वनिमुद्रिका देशभर गाजली. कंपनीचे लोक ती काढायला तयार नव्हते. तेव्हा पहिल्या दहा हजार तबकड्या मी स्वतः विकत घेतो, असे तो म्हणाल्याचे सांगतात. त्याच वर्षी मिलवॉकी येथे त्याला पोल्काचा राजा ठरवण्यात आले. त्याने दोन गोष्टी केल्या. अकॉर्डियनला बँजो, पियानो आणि बास यांची जोड देऊन जुन्या चाली हलक्या, स्वच्छ केल्या. आणि त्यांवर इंग्रजी शब्द चढवले. १९४९ ची त्याची ‘ब्लू स्कर्ट वॉल्ट्झ’ ही मूळची बोहेमियन चालच. त्यामुळे शेजारचा पोलिश, पलीकडचा आयरिश, सगळेच नाचू लागले.

पण ह्यात काही हरवलेही. आजीची भाषा गाण्यातून निघून गेली, आणि नातवंडांना तर ती आधीच येईनाशी झाली होती. चाल उरली, शब्द गेले. भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला हे सोसत नाही. तरी खरे असे की, इंग्रजी शब्द नसते तर ह्या नातवंडांपर्यंत ती चालही पोचली नसती.

राजा झाला तरी त्याची ललकारी देणारे भालदार-चोपदार लागतातच. पोल्काचे चोपदार म्हणजे नभोवाणीचे निवेदक. मोठ्या शहरांतल्या मोठ्या केंद्रांना ह्या कामगारांच्या संगीताचे सोयरसुतक नव्हते. टोनी पेटकोव्हशेक ह्या तरुणाने १९६१ मध्ये क्लीव्हलंडच्या नभोवाणीवर रोजचा पोल्का कार्यक्रम सुरू केला आणि कित्येक दशके चालवला. कोणत्या सभागृहात आज कोण वाजवणार, नवी तबकडी कोणाची, हे लोकांना त्याच्याकडून कळे. तिकडे दूरचित्रवाणीवर १९५६ पासून सुमारे पाव शतक ‘पोल्का व्हरायटीज’ चालला. रविवारी दुपारी जेवणे आटोपली की घरोघर तो लागे. वादक एका रात्री एका सभागृहात असतो. निवेदक मात्र रोज हजार स्वयंपाकघरांत असतो. पांगलेली वस्ती एकत्र राहिली ती ह्या रोजच्या आवाजामुळे.

ही जाण क्लीव्हलंडकरांनी ठेवली, हे मला विशेष वाटते. १९८७ मध्ये तिथे पोल्काचे सन्मान-दालन स्थापन झाले. शेजारच्या युक्लिड गावात त्याचे संग्रहालय उभे राहिले: जुनी वाद्ये, तबकड्या, छायाचित्रे. तिथल्या मानकऱ्यांत वादकांच्या बरोबरीने निवेदकांचीही नावे आहेत. ह्या दालनाच्या उभारणीत पेटकोव्हशेक यांचाही हात होता. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुटीत सन्मानाचा सोहळा करायचा आणि मग नाचायचे, अशी तिथली प्रथा पडली.

बाहेरच्या जगाचा सन्मान मात्र लहरी. ग्रॅमी पुरस्कारांत १९८६ मध्ये पोल्काचा स्वतंत्र विभाग निघाला. पहिला मान यँकोविकलाच मिळाला. १९९८ मध्ये तो गेला, आणि २००९ मध्ये तो विभागही बंद झाला. युक्लिडच्या भिंतीवरची नावे मात्र त्याने पुसली गेली नाहीत. ती लिहिली होती ती त्या गाण्यांवर नाचलेल्या माणसांनीच. आपल्याकडे गायकांच्या पुण्यतिथ्या होतात, वादकांच्या क्वचित. आणि ज्याच्या आवाजाने घराघरांत सकाळ होई, त्या निवेदकाचे नाव विचारले तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो.