आमचा मातीचा गणपती

माझ्या धाकट्या भावाला बाहुबलीसारखा गणपती पाहिजे होता. तो सिनेमा २०१५ साली निघाला. त्यात बाहुबली शिवलिंग खांद्यावर उचलतो. बाजारात तसा गणपती होता, पण प्लॅस्टरचा. प्लॅस्टर पाण्यात लवकर विरघळत नाही. उन्हाळ्यात आमची विहीर आटली, तेव्हा तळाच्या गाळात मागच्या वर्षीच्या बाप्पाचा हात दिसला. मला फार वाईट वाटले. त्याच विहिरीचे पाणी आमची गुरे पितात. म्हणून मी घरीच गणपती करायचे ठरवले.

तळ्यातली चिकणमाती आणली. वाळवून कुटली, चाळली, भिजवली. त्यात पिंजलेला कापूस घालून मळली. कापसामुळे माती कमी तडकते. पहिल्यांदा वर केलेले हात गळूनच पडले. भाऊ रडायला लागला. आजी म्हणाली, "ओल्या मातीला वजन पेलत नाही रे, हात अंगाला चिकटव." मग शिवलिंग खांद्यावर टेकवले आणि हात त्याला चिकटवले. गणपती आठ दिवस सावलीत वाळवला. गेरू नि हळदीने रंगवला.

विसर्जन बादलीत केले. सकाळी बघतो तर नुसता चिखल! तो तुळशीला घातला. भाऊ म्हणाला, "बाप्पा तुळशीत गेला."

तुम्हीपण करून बघा.

— इयत्ता ४ थी