बाटलीचे तीन वैरी

विमानाचा प्रवास आता कर्जत-खालापूरकडच्या खेड्यांनाही नवलाचा राहिलेला नाही. कळंबहून रिक्षाने नेरळ, नेरळहून लोकल आणि तिथून विमानतळ, ही वाट अनेक घरांच्या अंगवळणी पडली आहे. कुणाचा मुलगा आखातात नोकरीला असतो, कुणाची लेक लंडनला नांदते, कुणी उमऱ्याला जाऊन येतो. २५ डिसेंबर २०२५ पासून तर नवी मुंबईच्या विमानतळावरून, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातून, विमाने उडू लागली आहेत. माणसांबरोबर बाटल्याही प्रवास करतात. जाताना कैरीचे लोणचे, कोकमाचे आगळ, मध, काकवी. येताना झमझमचे पाणी, अत्तर, आणि ज्यांना चालते त्यांची वाइन. यातल्या काही बाटल्या सुखरूप पोचतात, काही बॅगेतच फुटतात, काही विमानतळावरच्या टोपलीत जाऊन पडतात. आणि एखादी माणसालाच अडकवते. बाटलीचे वैरी तीन. दाब, धक्का आणि कायदा. तिघांची ओळख करून घेतली की बाटली घरी पोचते.

पहिला वैरी दाब. अनेकांचा समज असा, की उंचावर हवा विरळ असते, म्हणून सामानाच्या कप्प्यात बाटली फट्‌कन फुटते. तसे होत नाही. विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असले तरी आत दाब राखलेला असतो. नेहमीच्या प्रवासी विमानात तो सामानाच्या कप्प्यातही राखतात. मात्र तो जमिनीवरच्या इतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जेवढा असेल, साधारण तेवढा असतो. आपले माथेरान सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही साडेपाच हजार फुटांच्या आतच. म्हणजे विमानात बसलेला माणूस आणि त्याची बरणी, दोघेही कळसूबाईच्या वर जाऊन बसलेले असतात. महाबळेश्वरला गेल्यावर वेफर्सची पाकिटे फुगलेली दिसतात ना, तोच प्रकार.

आता हिशेब बघा. आठ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या पाऊणपट उरतो. त्यामुळे बरणीत कोंडलेली तीन वाट्या हवा चार वाट्या होऊ पाहते. तिला जागा हवी असते. बरणी उभी असेल तर झाकणाच्या फटीतून नुसती हवा निसटते. पण बॅगेत बरणी आडवी किंवा उलटी झालेली असते. अशा वेळी तोंडाशी तेल आणि मागे हवा. ती हवा तेलाला बाहेर ढकलते. लोणचे गळते ते असे. काच शाबूत असते, झाकणही घट्ट असते आणि तरी नव्या साडीवर पिवळा डाग पडतो.

उपाय यातच दडलेला आहे. एक, बरणीत रिकामी जागा कमी ठेवावी. हवा थोडी असली की तिचे फुगणेही थोडेच. अर्धी भरलेली मोठी बरणी नेण्यापेक्षा गच्च भरलेली लहान बरणी बरी. दोन, बाटली प्लॅस्टिकची असेल तर दाबून आतली हवा काढावी आणि मग बूच लावावे; म्हणजे हवा फुगली तरी बाटलीला फुगायला वाव राहतो. तीन, झाकणाखाली जाड प्लॅस्टिकचा तुकडा धरून झाकण आवळावे, वरून चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्यावेत आणि बरणी झिपच्या पिशवीत घालावी. ती पिशवी आणखी एका पिशवीत घालावी. आणि चौथी गोष्ट, जी घरातल्या बायकांना सांगितली की लगेच पटते: लोणच्यावर तेलाचा थर घालूच नये. फोडी आणि खार तेवढा पाठवावा, तेल तिकडे पोचल्यावर गरम करून, गार करून ओतायला सांगावे. मात्र पोचल्याबरोबर ओतायला हवे, नाहीतर लोणच्याला बुरशी धरते. नुकते घातलेले, अजून मुरत असलेले लोणचे तर पाठवूच नये. ते आतल्या आत वायू सोडत असते. आधी घरीच मुरू द्यावे.

वाइनच्या बाटलीला या दाबाचे भय जवळजवळ नाही. मी त्या वाटेला जात नाही. पण काचेला जात-धर्म नसतो आणि शास्त्र सगळ्या बाटल्यांना सारखेच लागू पडते. वाइनची बाटली बुचापर्यंत भरलेली असते, हवा अगदी थोडी, बूच घट्ट. फेसाळत्या वाइनच्या बाटलीत तर बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट दाब कायमच कोंडलेला असतो. म्हणूनच तिची काच जाड आणि बुचाला तारेची जाळी. तिला विमानातला पाव हिस्सा दाबाचा फरक काय करणार? उघडलेली, पुन्हा बूच खोचलेली बाटली मात्र नेऊ नये.

दुसरा वैरी धक्का. बाटली आकाशात क्वचितच फुटते, फुटते ती जमिनीवर. बॅग पट्ट्यावरून घसरते, गाडीत फेकली जाते, तिच्यावर दुसऱ्या वीस-पंचवीस किलोच्या बॅगा पडतात. ‘काच आहे, जपून’ अशी चिठ्ठी लावली तर लावावी, पण तिच्या भरवशावर राहू नये. रात्री दोन वाजता शंभर बॅगा उचलणारा माणूस प्रत्येक चिठ्ठी वाचत बसत नाही, त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

यावरची विद्या आपल्याकडे विमानांच्या आधीपासून आहे. काचेच्या बांगड्या पेंढ्यात रचून बाजारोबाजारी जात. हापूसची पेटीही भाताच्या पेंढ्यात भरली जाई. त्या पेंढ्यात दोन नियम होते. काच काचेला लागू द्यायची नाही आणि काच पेटीच्या भिंतीला टेकू द्यायची नाही. बॅगेतही तेच दोन नियम. फक्त पेंढा नेऊ नये. परदेशात गवत-पाला कीड आणतो म्हणून अडवतात. पेंढ्याची जागा कपड्यांनी घ्यावी.

बाटली आधी जाड पायमोज्यात किंवा टॉवेलमध्ये गुंडाळावी. मान सर्वांत नाजूक, म्हणून तिथे एक वेढा जास्त द्यावा. बॅगेच्या तळाशी कपड्यांचा चार बोटे थर, त्यावर बाटली मधोमध, चारही बाजूंना आणि वर पुन्हा चार बोटे कपडे. चाकांच्या आणि कोपऱ्यांच्या बाजूला बाटली नको, पहिला मार तिथेच बसतो. दोन बाटल्या असतील तर त्यांच्यामध्ये विजार किंवा चादर हवीच. चपला, बूट, इस्त्री असल्या टणक वस्तू दूर. बॅग शक्यतो टणक कवचाची असावी आणि भरून घट्ट असावी, अर्धी रिकामी बॅग म्हणजे आतल्या बाटलीला धावायला मैदान. शेवटी बॅग बंद करून जोराने हलवून बघावी. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडावी.

वजनही विसरू नये. पाऊण लिटरची वाइनची बाटली काचेसकट सव्वा किलोच्या आसपास भरते. देशातल्या विमानात साध्या तिकिटावर बहुधा पंधरा किलोच सामान फुकट नेता येते. त्यात तीन बरण्या घातल्या की कपड्यांना जागा कुठे उरते? म्हणून शक्य तिथे काच सोडून खाद्यपदार्थांसाठीची चांगली प्लॅस्टिकची बाटली घ्यावी.

तिसरा वैरी कायदा, आणि हा सर्वांत धीट. दाब तेल सांडतो, धक्का काच फोडतो. कायदा माणसाला अडकवतो.

आधी हातातल्या बॅगेचे बघू. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटनच्या पोलिसांनी एक कट उघडकीला आणला. शीतपेयांच्या बाटल्यांतून स्फोटक द्रव नेऊन अटलांटिकवरून जाणारी विमाने उडवण्याचा तो डाव होता. तेव्हापासून परदेशी प्रवासात हातातल्या सामानातला कोणताही द्रव शंभर मिलिलिटरच्या डबीत असावा लागतो, आणि अशा सगळ्या डब्या एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावाव्या लागतात. इथे शंभर मिलिलिटर ही डबीची मापे आहेत, आतल्या मालाची नाहीत. दोनशेच्या बाटलीत तळाला चमचाभर मध असला तरी ती बाटली अडते. लोणचे, तूप, चटणी, श्रीखंड हे सगळे द्रवातच मोजतात. लहान मुलाचे दूध आणि गरजेचे औषध यांना सवलत असते. काही विमानतळांवर नवी यंत्रे बसली आणि तिथे हा नियम सैल झाला, पण परतीच्या विमानतळावर तो कडक असू शकतो. सरळ मार्ग एकच, बरणी मोठ्या बॅगेत घालावी.

विमानतळावरच्या करमुक्त दुकानातून घेतलेली बाटली मोहोरबंद पिशवीत देतात. ती पिशवी घर येईपर्यंत उघडू नये आणि पावती आतच ठेवावी. वाटेत विमान बदलायचे असेल तर हे फारच महत्त्वाचे. मुंबईला उतरून पुढे नागपूरचे विमान धरायचे असेल, तर कस्टममधून बाहेर पडल्यावर ती बाटली मोठ्या बॅगेत घालून बॅग पुन्हा जमा करणे चांगले.

दारूचे नियम वेगळे आहेत. विमान कंपन्या ती आगीच्या दृष्टीने पाहतात. चोवीस टक्क्यांपर्यंत मद्यार्क असेल तर विमानसुरक्षेची मर्यादा नाही. वाइन यातच येते. चोवीस ते सत्तर टक्क्यांचे मद्य माणशी पाच लिटर, तेही दुकानातल्या मूळ बाटलीत. सत्तरच्या वर अजिबात नाही. सरकार मात्र कराच्या दृष्टीने पाहते. परदेशातून भारतात येताना माणशी दोन लिटरच करमुक्त. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरीने माप ओलांडते. मग तांबड्या मार्गिकेत जाऊन सांगावे आणि कर भरावा. पुन्हा पोचायचे ठिकाण कुठले तेही बघावे. गुजरातेत दारूबंदी आहे, बिहारमध्ये २०१६ पासून आहे, आपल्या वर्धा-गडचिरोलीत आहे. सौदी, कुवेत आणि शारजा इथे तर नाशिकची वाइन कौतुकाने भेट म्हणून नेणे हा गुन्हाच.

खाण्याच्या वस्तूंनाही देश बदलला की नियम बदलतो. ब्रिटनमध्ये आणि युरोपात आपल्याकडून घरचे तूप नेता येत नाही, कारण दुधाचे पदार्थ अडवतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला खाद्यपदार्थ फॉर्मवर लिहावेच लागतात. लिहिले आणि नको म्हणाले तर फार तर बरणी जाते, लपवले तर दंड होतो.

या तिन्ही वैऱ्यांवर नीट विचार करून बसवलेली एक व्यवस्था म्हणजे झमझमचे पाणी. पूर्वी हाजी मुंबईहून आगबोटीने जात. ती समुद्राची वाट १९९५ साली बंद झाली. बोटीने परतताना पत्र्याचे डबे तोंडाला डाग देऊन बंद करून आणत. त्या डब्यातले पाणी आल्यागेल्याला चमचा-चमचा वाटले जाई. आता पाच लिटरचा एकसारखा प्लॅस्टिकचा कॅन असतो. हज कमिटीतर्फे गेलेल्या यात्रेकरूला तो परतल्यावर इकडच्या विमानतळावरच मिळतो. त्याला वाटेत काही सांभाळावे लागत नाही. उमऱ्याहून येणाऱ्याने मूळ बंदिस्त खोक्यातलाच कॅन घ्यावा. बाटल्या भरून कपड्यांच्या बॅगेत लपवण्याला सौदीने मनाई केली आहे आणि अशी बॅग तिथेच उघडायला लावतात. इथेही वजनाचा प्रश्न सुटत नाही. जुलै २०१९ मध्ये विमाने लहान केल्यामुळे एअर इंडियाने जेद्द्याहून येणाऱ्या दोन मार्गांवर झमझमचे कॅन काही आठवडे बंद केल्याचे कळवले. लोक नाराज झाले, तेव्हा कंपनीने दिलगिरी व्यक्त करून परवानगी कायम असल्याचे सांगितले. पाच लिटर म्हणजे पाच किलो, आणि दीडशे माणसांचे पाऊण टन. श्रद्धेलाही विमानात वजन असते.

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक. आपल्याकडे कुणी परदेशी निघाले की शेजारपाजारचे येतात. ‘भाईजान, एवढी बरणी आमच्या पोराला द्या, तो विमानतळावर घ्यायला येईल.’ नाही म्हणणे जिवावर येते. पण बरणीत काय आहे ते देणाऱ्या माउलीलाही पुरते ठाऊक नसते. घरच्या मसाल्यात खसखस असते. आपल्याकडे ती खिरीत घालतात, आखातातल्या अनेक देशांत ती अमली पदार्थांत मोडते आणि तिच्यापायी माणसे तुरुंगात गेली आहेत. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, त्याचीही तीच गत. विमानतळावर ‘ही बरणी माझी नव्हे’ हे वाक्य कामाला येत नाही. बॅग ज्याच्या नावावर, माल त्याचा.

म्हणून दुसऱ्याची बरणी घ्यायचीच असेल तर त्याच्यासमोर उघडून बघावी, काय काय घातले ते विचारावे आणि मग आपल्या हाताने बंद करावी. बंद पाकीट घेऊ नये. औषध असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आणि त्या देशाची परवानगी असल्याशिवाय घेऊ नये. यात कुणाचा अपमान नाही. देणाऱ्याला समजावून सांगावे: मावशी, तुमचे लोणचे तुमच्या मुलापर्यंत पोचावे असे मलाही वाटते, पण त्याआधी तुमची बरणी घेऊन जाणारा मी पोचलो पाहिजे.