पावसाचे पाणी, तळे आणि थोडे गणित

अमेरिकेत मुलानातवंडांकडे जाऊन आलेल्या आपल्या वाचकांनी वस्तीच्या टोकाला किंवा मोठ्या दुकानांमागे एखादे लहान तळे पाहिले असेल. त्यात बदके पोहतात, म्हणून ते शोभेचे वाटते. पुष्कळदा ते पावसाचे पाणी निवळावे म्हणून मुद्दाम खोदलेले असते. ते कसे चालते, हे आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

कोकणात पावसाळ्यात पाणी गढूळ आले की हंड्यात तुरटी फिरवीत, नाहीतर निवळीचे बी उगाळून घालीत. सकाळपर्यंत गाळ तळाशी बसे. तळ्याचे काम तेच, फक्त तुरटीवाचून. रस्ते, छपरे, वाहनतळ यांवरून वाहणारे पाणी माती, टायरची भुकटी, जस्त आणि मातीच्या कणांना चिकटलेला फॉस्फरस घेऊन येते. ते तसेच सरोवरात गेले तर शेवाळ माजते. शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. १९७९ ते १९८३ या काळात तेथील एन्व्हायर्न्मेंटल प्रोटेक्शन एजन्सीने २८ ठिकाणी शहरी पावसाच्या पाण्याची पाहणी केली, तेव्हा हा प्रश्न किती मोठा आहे ते कळले.

तळे केवढे असावे? ॲलन हेझन या अमेरिकन अभियंत्याने १९०४ साली सांगितले, की गाळ बसणे मुख्यतः तळ्याच्या पसाऱ्यावर अवलंबून असते. समजा, पसारा २,००० चौरस मीटर आहे आणि तासाला ३६० घनमीटर पाणी बाहेर पडते. भागाकार केला की १८ सेंटीमीटर येतात. पाणी संथ असेल, तर तासाला १८ सेंटीमीटरपेक्षा वेगाने बुडणारा कण तळ्यात राहतो. वाळू सहज बसते. पण कणाचा व्यास निम्मा झाला की बुडण्याचा वेग चौथाई होतो, म्हणून बारीक चिकणमाती निसटते.

खरा पाऊस मात्र कधी रिमझिम, कधी मुसळधार. म्हणून १९९० साली विल्यम वॉकर यांनी ऱ्होड आयलंडच्या नॅरागॅन्सेट उपसागरासाठी ‘पी-एट’ नावाचा संगणक कार्यक्रम तयार केला. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावातील आठ शब्द ‘पी’ने सुरू होतात! तासातासाच्या पावसाची नोंद त्यात भरली की, कणांचे वेगवेगळे गट करून, किती गाळ अडला आणि किती पुढे गेला याचा तो अंदाज देतो.

अंदाजाला मर्यादा आहेत. विरघळलेला फॉस्फरस आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ तळाशी बसतच नाही. शिवाय कागदावरच्या तळ्याची खोली तशीच राहते, प्रत्यक्षातले तळे दरवर्षी भरत जाते. ते उथळ झाले की एखादा जोराचा पाऊस जुना गाळ उपसून पुढे ढकलतो.

गाळ काढणे खर्चाचे असते, आणि तो खर्च पुष्कळदा वस्तीतील घरमालकांवरच येतो. मिनेसोटात वाहनतळांवर लावलेल्या कोळशाच्या डांबराची विषारी द्रव्ये तळ्यांच्या गाळात सापडली. असा गाळ कोठेही टाकता येत नाही, त्यामुळे खर्च फारच वाढला. १ जानेवारी २०१४ पासून त्या राज्यात हा लेप बंद झाला.

तेव्हा पुढच्या खेपेस नातवाबरोबर अशा तळ्याकाठी गेलात, तर त्याला पाण्यात उतरू देऊ नका. आणि घरच्यांना एवढे अवश्य विचारा: याचा गाळ शेवटी कधी काढला?