राणीच्या गालावरचा काळिमा

समोर कापडावर दोन राणीछाप रुपये. दोन्ही १९०१ सालचे, म्हणजे व्हिक्टोरिया गेली त्या वर्षीचे, मागच्या बाजूला तळाशी मुंबई टांकसाळीचं बारीक ‘बी’. एक लखलखीत पांढरा, दुसरा काळपट. बघायला येणारा प्रत्येक जण आधी पांढरा उचलतो, आणि तोही बोटं थेट राणीच्या तोंडावर ठेवून! नाणं धरायचं ते कडेला. बोटाच्या घामाचा ठसा चांदीवर वर्षानुवर्षं राहतो.

काट्यावर पांढरा ११.४८ ग्रॅम भरला. टांकसाळीतून निघताना तो ११.६६ असायचा, बरोबर एक तोळा. बाकीचं हातोहाती झिजलं, थोडं घासण्यात गेलं. झीज आधी उंचवट्यांवर दिसते: गाल, कानावरचे केस, पोशाखावरची नक्षी. या राणीचे केस तर सपाट झालेत. मग ट्यूबलाइट बंद करून एकच दिवा बाजूनं धरला आणि दहापट भिंग लावलं. मानेमागच्या मोकळ्या जागेत एकाच दिशेनं गेलेले शेकडो केसाएवढे ओरखडे. दंतमंजन किंवा रांगोळी. अक्षरांच्या बेचक्यात कुंकवाचे कण अजून आहेत. वरच्या कडेला कंगोरे बुजलेत, तिथे कधीतरी माळेची कडी डाकलेली होती.

काळा रुपया दिव्याखाली हळूहळू कलवला. काळपटपणाखालून उजेडाचा पट्टा भिंगरीसारखा फिरला. हीच खरी चकाकी. ठसा आदळताना धातू मध्यापासून कडेकडे सरकतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेघा उमटतात आणि उजेड त्यांच्यावरून फिरतो. एकदा घासलं की या रेघा गेल्या; मग नाणं पांढरं दिसेल, पण उजेड फिरणार नाही.

काळिमा म्हणजे हवेतल्या गंधकाशी चांदीची झालेली सोयरीक. थर अगदी पातळ असतो तेव्हा सोनेरी, जाडावला की तांबूस, मग जांभळा, मग निळा. माझ्या रुपयावर हा क्रम आतून कडेकडे नीट लागलेला आहे, कारण पुडीत हवा कडेनं शिरते. बनावट रंगाला हे जमत नाही. सोनेरीशेजारी एकदम निळा, मधलं काही नाही. उकडलेल्या अंड्याबरोबर डबीत कोंडलेली नाणीही मी पाहिली आहेत. उकडलेल्या अंड्यातून गंधकाचा वायू सुटतो, तोच हा उद्योग. अशी नाणी भडक दिसतात, नव्या रंगवलेल्या गणपतीसारखी.

हे ज्ञान मला फुकट आलेलं नाही. छंद नवा असताना रबरबँडनं बांधलेल्या काही रुपयांवर काळे पट्टे उमटले, रबरातलंच गंधक. घाबरून मी ते चांदी उजळायच्या द्रावणात बुडवले. पट्टे गेले, चकाकीही गेली. ते रुपये आता चुना फासल्यासारखे दिसतात.

काळा रुपया परत पाकिटात गेला. पांढरा बायकोनं उचलला. तो लक्ष्मीपूजनाचा. दिवाळीला दोन आठवडे आहेत आणि ओट्यावर वाटीत चिंच भिजत पडली आहे.